सोळाच्या खाली

जगतील का बाहेर? तिमोन विचारतो,
पिशवी उजेडात धरून.
आत चौदा तलवारशेपटे.
लाल म्हणायचे, पण धुऊन धुऊन विटलेल्या स्वेटरचा लाल.

मी म्हणते, थंड सोफिया होऊन जाऊ दे.
आमच्या पोलंडात मेच्या पंधरा तारखेला
ह्या संतिणीचा वार असतो.
तिच्याआधी पाठोपाठ तीन गारठलेले संत येतात
आणि घाईनं लावलेली टोमॅटोची रोपं
एका रात्रीत काळी करून जातात.
माशांचं त्यांना कुणी सांगितलं नसेल,
पण विषाची परीक्षा कशाला.

जूनच्या सहा तारखेला सोडले.
आधी पिशवीच तासभर तळ्यावर तरंगू दिली,
आतलं पाणी नि बाहेरचं पाणी
एकमेकांची विचारपूस करीपर्यंत.
मग गाठ सोडली.

मानवलं त्यांना.
डासांच्या अळ्या, दगडांवरचं शेवाळ,
आणि ऊन, जे कुठल्याच ट्यूबमधून येत नाही.
जुलै सरेतो असे लाल झाले
की शेजारची हाल्शका कुंपणावरून विचारू लागली,
रंगबिंग देतेस की काय?

माझे वडील, झेनोन, सूतगिरणीत बॉयलरवर होते.
गिरणीमागच्या नाल्यात रात्रंदिवस कोमट पाणी सुटायचं.
कुणीतरी कधीतरी
चार गप्पी त्यात ओतले होते, पेला उपडा करावा तसे.
डिसेंबरात काठावर गुडघाभर बर्फ,
नाल्यावर वाफ,
वाफेखाली हजारो गप्पी
कुणाच्या खिजगणतीत नसलेले, पिलं टाकत.
आम्ही पोरं हातमोजे काढून बोटं बुडवून बसायचो.
वडील म्हणायचे, ही माझी माणसं.
पगार मागत नाहीत.

गिरणी बंद झाली एका शुक्रवारी.
बॉयलर विझवायचं काम त्यांच्याकडेच आलं.
विझवला. सही केली. डबा घेऊन घरी आले.
पुढं बाजारात जायचं झालं
तरी चर्चला वळसा घालून जायचे,
नाला लागू नये म्हणून.

हे मी तिमोनला सांगत नाही.
एवढंच म्हणते, ऊब कोण पुरवतंय ते आधी बघ,
मग विचार, जगतील का.
तो मान हलवतो. अकरा वर्षांचा आहे.

सप्टेंबरात दोरीला बांधलेला थर्मामीटर
रोज सकाळी विहिरीतल्या कळशीसारखा ओढून काढते.
एकोणीस.
अठरा.
मधेच एक दिवस वीस, उगाच आशा लावायला.
मग सतरा.
सोळाच्या खाली ते पोहत नाहीत,
तळाशी जागच्या जागी डुलतात,
विसरलेली गोष्ट आठवत असल्यासारखे.

अर्धं तळं उपसलं आम्ही.
बादल्या, टब, काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या.
चौदा सोडले होते, सदुसष्ट निघाले.
तिमोननं वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या,
आणि रविवारच्या गाडीनं शाळेला परत गेला.

त्या रात्री बॅटरी घेऊन सहज गेले
तर कमळाच्या पानाखाली एक मादी.
पोट जड.
जाळं टाकलं की नाहीशी, काढलं की तिथंच.
तीन रात्री हा खेळ.
हाल्शका खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही.

आता स्वयंपाकघरातल्या टाकीत
सदुसष्टही बागेकडच्या काचेला चिकटून असतात.
जेवण उलट्या बाजूला टाकलं तरी
आधी तिकडे बघतात, मग वळतात.
असं मला वाटतं. माशांचं काय कळतं आपल्याला.

फोनवर तिमोननं विचारलं, आत्या, सगळे निघाले ना?
मी म्हटलं, सदुसष्ट.

ऑक्टोबरच्या नऊला तळ्यावर
दुधावरची साय धरावी तसा पातळ पापुद्रा.
बॅटरी नव्हती नेली.
मी हातमोजा काढला
आणि बोट बुडवून बसले.